ताज्या विजेचे सर

आमच्या सरांना बॅटरी या वस्तूचा मनापासून तिटकारा होता. तिच्यात साठवलेल्या विजेला ते शिळी वीज म्हणायचे. भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज त्याहून वाईट, कारण ती शिळी तर असतेच, वर कुठल्या कोळशाची आहे हेही कळत नाही. चांगली वीज एकच, पॅनेलवर ऊन पडलं की त्या क्षणी तारेत उतरणारी. ती ताजी. हे ते विनोद म्हणून सांगत नसत. इलेक्ट्रोकेमिस्ट्री शिकवण्यात ज्यांची हयात गेली, ज्यांच्या पदव्या दारावरच्या पाटीत मावत नव्हत्या, असा माणूस विजेबद्दल भाजीवाल्यासारखा बोलायचा आणि आम्ही माना डोलवायचो. माझी तर मान डोलवल्यावाचून सुटकाच नव्हती. माझी पीएच.डी. त्यांच्या हाताखाली चालली होती आणि त्यांच्या सहीशिवाय ती संपणार नव्हती.

मी जयसिंगपूरची. तिथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. पदवी हातात आली तर कायम करू, नाही आली तर दुसरं कुणी बघू, असं तिथल्या प्राचार्यांनी फार गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. सकाळचे तास उरकायचे, एसटीनं कोल्हापूर गाठायचं, सरांच्या कॉलेजची गच्ची चढायची आणि सर्वांत आधी आकाशाकडे बघायचं, हा माझा दिनक्रम होता. अम्मी रोज विचारायची, काम झालं का. मी म्हणायचे, ढग होते. पहिल्या वर्षी तिला ते पटायचं. नंतर ती नुसती माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

काम काय होतं ते सांगते, म्हणजे सरांचं बाकीचं कळेल. हिरव्या पाण्यातलं जे बारीक शेवाळ असतं ते डोळ्यांना नुसता रंग म्हणून दिसतं. फडक्यातून गाळायला गेलं तर फडकं हिरवं होतं आणि शेवाळ पाण्याबरोबर खाली निघून जातं. त्यात प्रथिनं भरपूर, थोडं तेलही. जगभरचे लोक त्याचं इंधन कर, खत कर, पशुखाद्य कर अशा खटपटी करतात आणि पाण्यातून ते बाहेर काढतानाच इतकी वीज खर्च होते की सगळा धंदा आतबट्ट्याचा ठरतो. सरांचा उपाय असा की टाकीत अॅल्युमिनियमच्या पट्ट्या समोरासमोर उभ्या सोडायच्या आणि त्यांना सौर पॅनेलची वीज द्यायची. एका पट्टीचा धातू किंचित विरघळतो, त्यानं शेवाळ एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. समोरच्या पट्टीवर बारीक बुडबुडे सुटतात आणि ते या गुठळ्या उचलून वर आणतात. वर हिरवी साय, खाली नितळ पाणी. पळीनं साय काढून घ्यायची, झालं. सर तिला सायच म्हणायचे. इंग्रजी पेपरातही त्यांनी तोच शब्द ठेवला होता आणि परदेशातल्या संपादकानं अर्थ विचारला तेव्हा, ह्यांनी आयुष्यात दूध तापवलं न्हाय, असं म्हणून तो पेपरच परत घेतला.

ती साय पहिल्यांदा वर येताना पाहिली तेव्हा मी हरखून गेले होते, हे कबूल करायला हवं. पट्ट्यांच्या मधून बुडबुडे निघाले आणि बघता बघता सगळा हिरवा रंग पाण्यातून उठून वर आला. टाकीच्या काचेतून पलीकडची कपडे वाळत घातलेली दोरी दिसायला लागली. तेवढ्यासाठी मी सरांचं पुष्कळ सोसलं.

सोसायला होतंही पुष्कळ. पॅनेलवर ढगाची सावली आली की सर पट्ट्यांची तार काढायचे आणि म्हणायचे, "च्या सांग." मग ऊन येईपर्यंत च्या चालायचा. पावसाळ्यात कोल्हापुरात आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, त्या काळात आमचं संशोधन म्हणजे निव्वळ चहा होता. मी एकदा धीर करून म्हटलं, सर, छोटी बॅटरी जोडली तर निदान प्रयोग मधेच तुटणार नाही. सरांनी कप खाली ठेवला.

"सूर्य काय सरकारी नोकर हाय व्हय, धा ते पाच यायला?" ते म्हणाले. "येईल तवा येईल. तुला घाई हाय तर कॉमर्सला जायाचं हुतंस."

शेवाळाच्या बाबतीतही त्यांची मतं ठाम होती. प्रयोगशाळेत वाढवलेलं शुद्ध वाण आम्ही पुण्याहून मागवलं होतं. ते सरांना कधीच आवडलं नाही. ते रंकाळ्यावर फिरायला जायचे, बाकीची माणसं तिथं भेळ खायची आणि सर काठावर वाकून बाटल्या भरायचे. रंकाळ्याचं शेवाळ अंगानं दणकट असतं, पुण्याचं जरा ऊन लागलं की तक्रार करतं, असं त्यांचं म्हणणं होतं. रंकाळ्याच्या शेवाळात विषारी जातही असते असं मी दाखवलं तेव्हा, विषारी असंल पण लेचंपेचं न्हाय, असं उत्तर मिळालं. शेवटी पुण्याचंच वापरावं लागलं, पण टाकीपाशी आले की सर त्याला दोन शब्द सुनवायचेच.

आमच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपावर, तराजूवर, पीएच मीटरवर शाली पांघरलेल्या असत. सरांना सत्कारात मिळालेल्या. धूळ बसू नये म्हणून. आमच्या मायक्रोस्कोपाइतका सत्कार झालेलं यंत्र जिल्ह्यात दुसरं नसावं. कुठलंही माप घ्यायचं तर सर समोर हवेत आणि ते डोळ्यादेखत घ्यायला हवं. सकाळी काढून ठेवलेला नमुना दुपारी तपासला की तो त्यांच्या लेखी बाद. माप घेताना ते यंत्राकडे पाठ करून उभे राहायचे, डोळे मिटून एक आकडा सांगायचे आणि मग मी काट्यावरचा आकडा वाचायची. दोन्ही जुळले तर सर खूश. नाही जुळले तर यंत्र बिघडलेलं.

या सगळ्याचं मूळ दूध कट्ट्यात होतं, असं माझं मत आहे. कोल्हापुरात संध्याकाळी काही चौकांत म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. सर राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर राहायचे, पण दूध प्यायला दररोज स्कूटरवरून पेठेतल्या त्यांच्या ठरलेल्या कट्ट्यावर जायचे, स्वतःचा पितळी पेला घेऊन. पिशवीतलं दूध त्यांनी आयुष्यात घेतलं नव्हतं. जे डोळ्यांसमोर निघतं तेच खरं, हा धडा त्यांनी म्हशीच्या आचळाखाली घेतला होता आणि तो विजेला, शेवाळाला, मापाला, विद्यार्थ्यांना सरसकट लावला होता. विद्यार्थीसुद्धा डोळ्यांसमोर असला तरच तो काम करतोय यावर त्यांचा विश्वास बसायचा.

खुशीत असले की ते मला बाळ म्हणायचे. बिनसलं की मी त्यांची पावणं व्हायची. कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, सर रागावले की ओळखीचा माणूस असा पुन्हा अनोळखी व्हायचा. "पावणं, तेवढी खिडकी लावा की," असं म्हणाले की समजायचं, आज काही खरं नाही. मी बाई माणूस आहे म्हणून त्यातही सवलत नव्हती.

भांडण पट्ट्यांवरून झालं. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आम्ही शिरोली एमआयडीसीतून कापून आणायचो आणि त्या झिजायच्या. नव्या आणाव्या लागायच्या. झिजलेला धातू जातो कुठं, असा साधा प्रश्न मला पडला. खालच्या नितळ पाण्यात तो फारसा सापडेना. म्हणजे वर, सायीत. मी साय वाळवून तपासली आणि तिच्यात अॅल्युमिनियम भरपूर निघालं. पुन्हा तपासली, पुन्हा निघालं. सरांना समोर उभं करून तपासली, तेव्हाही निघालं. त्यांनी यंत्राकडे पाठ करून सांगितलेला आकडा शून्य होता. यंत्र बिघडलेलं ठरलं.

दुसऱ्या कुणाला याचं काही वाटलं नसतं. पण सरांनी त्याआधीच गावभर सांगून टाकलं होतं की या सायीपासून हिरवी पेंड होणार आणि ती खाऊन म्हशी बादल्या भरून दूध देणार. एका वर्तमानपत्रात त्यांचा टाकीशेजारी उभा फोटो आला होता. आणि माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण सांगत होतं की ही पेंड जनावराला घालण्याच्या लायकीची नाही, घालायची तर पट्ट्या बदला, कार्बनच्या लावा, साय कमी येईल पण स्वच्छ येईल.

सरांनी ते प्रकरण वाचलं. चष्मा काढला.

"माझी आई जन्मभर जर्मनच्या पातेल्यात आमटी करत हुती," ते म्हणाले. आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. "ती आमटी खाऊन मी हितवर आलो. मेलो व्हय मी?"

"सर, आमटीत पातेलं विरघळत नाही," मी म्हटलं. "इथं आपण पातेलंच विरघळवतोय."

"म्हंजे माझ्या आईच्या आमटीला नावं ठेवतीस?"

सरांनी कागद माझ्याकडे सरकवले आणि शांतपणे सांगितलं, "पाचवं काढ आणि सही घिऊन जा. चार प्रकरणांत बी डॉक्टर हुतंय माणूस."

मी काढलं नाही. त्यात काही शौर्य नव्हतं. ते एकच प्रकरण माझं स्वतःचं होतं, बाकी चार सरांनी सांगितलेली, आणि ते काढून मिळालेली पदवी घेऊन वर्गात उभं राहायची मला लाज वाटली असती. सर सही देईनात. मी दर आठवड्याला प्रबंध घेऊन जायची, ते विचारायचे, "पाचवं हाय का अजून?" मी हो म्हणायची. "मग बसा पावणं, च्या घ्या." तिकडे जयसिंगपुरात प्राचार्यांचा गोडवा कमी कमी होत चालला होता. माझ्या जागेसाठी एका डॉक्टर झालेल्या मुलाचा अर्ज आलाय, हे त्यांनी मला दोनदा सहज म्हणून सांगितलं.

अशातच सरांनी ठरवलं की वाद घालण्यापेक्षा लोकांना दाखवून द्यावं. डोळ्यादेखत. कुठं, तर त्यांच्या दूध कट्ट्यावर. एकीकडे म्हशीची धार निघेल, दुसरीकडे टाकीतून हिरवी साय निघेल, ती पेंडीत कालवून तिथंच म्हशीपुढं ठेवायची. कट्ट्यावरच्या म्हशीवाल्या मामांनी होकार दिला. त्यांना पेपरात आपला फोटो हवा होता आणि त्यासाठी त्यांनी म्हशीची शिंगंसुद्धा रंगवून घेतली.

टाकी टेम्पोत घातली. पॅनेल बसेना म्हणून ते सरांनी स्कूटरवर घेतलं, म्हणजे सर पुढे आणि मागे बसून मी पॅनेल धरलेलं. वारा लागला की स्कूटर आपोआप उजवीकडे जायची. सर त्याही परिस्थितीत मागे मान वळवून मला ताज्या विजेचं महत्त्व सांगत होते. आम्ही कट्ट्यावर पोचलो. म्हशी आल्या, गिऱ्हाइकं आली, वार्ताहर आला, सरांचे दोन जुने विद्यार्थी हार घेऊन आले. टाकी मांडली, पट्ट्या सोडल्या, पॅनेल भिंतीला टेकवून उभं केलं, सरांनी तारा जोडल्या आणि लोकांकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली. बुडबुडा एकही निघाला नाही.

निघणार कसा? कट्टा भरतो दिवेलागणीला. म्हशी येतात तेव्हा सूर्य गेलेला असतो. वर्षानुवर्षं दररोज त्याच वेळी त्याच जागी उभं राहून दूध पिणाऱ्या, सौरऊर्जेवर देशभर व्याख्यानं देणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही, इतकी त्यांच्या हाताखाली राहून मी त्यांच्यासारखी झाले होते.

लोकांनी मदत केली. कोल्हापूरकर तमाशा बघत उभा राहतो, पण हात आखडता घेत नाही. चहावाला म्हणाला, "सर, माझ्या गाड्यावरनं वायर वढू का?" सर म्हणाले, बोर्डाची नको. मग चार-पाच पोरांनी मोबाइलचे टॉर्च पेटवून पॅनेलवर धरले. मीटरचा काटा हलला की नुसता थरथरला कोण जाणे, पण सर म्हणाले, "बघा, येतंय." तोवर मामांच्या म्हशीनं पान्हा चोरला, कारण तिला एवढ्या उजेडाची सवय नव्हती. सरांनी त्या दिवशी दूध घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात रंगवलेल्या शिंगांचा फोटो आला आणि खाली शेवाळापासून दूध मिळणार अशी बातमी.

दुसरा माणूस असता तर महिनाभर घराबाहेर पडला नसता. सरांनी त्याच आठवड्यात मामांना निरोप धाडला की म्हैस भर दुपारी कॉलेजच्या मैदानावर आणा. मामा म्हणाले, दुपारच्याला म्हशी पाण्यात असतात, उन्हात आणली तर शिव्या देईल. तरी आणली. शिपायांनी फाटक उघडायला नकार दिला तेव्हा सरांनी ते स्वतः उघडलं, तिथले प्राचार्य गॅलरीत येऊन आत निघून गेले आणि बी.एस्सी.ची मुलं तास सोडून मैदानाच्या कडेला बसली.

ऊन मात्र त्या दिवशी फर्मास होतं. तारा जोडताच बुडबुडे सुटले आणि हिरवी साय अशी काही वर आली की मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. सरांचा चेहरा फुलला. त्यांनी स्वतः पळीनं साय काढली, घमेल्यातल्या पेंडीत कालवली आणि घमेलं मामांच्या हातात दिलं. मामांनी ते घेतलं, वास घेतला आणि म्हशीकडे न जाता ते माझ्याकडे वळले.

"ताई, तुम्ही हिथंच काम करता न्हवं?"

"हो."

"तुमच्या दारात म्हस असती तर तुम्ही घातलं असतं का हे तिला?"

सर माझ्याकडे बघत होते. माझा प्रबंध पिशवीत होता, सही मागायला आणलेला, पाचव्या प्रकरणासकट. मी हो म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी सगळं मिटलं असतं. एका घमेल्यानं म्हशीला काही झालंही नसतं.

"नाही मामा," मी म्हटलं. "त्यात पट्टीचं अॅल्युमिनियम उतरलंय. एक दिवस घातलं तर काही होणार नाही. रोज घातलं तर काय होईल मला माहीत नाही. मी घातलं नसतं."

मामांनी घमेलं खाली ठेवलं. म्हैस घेऊन ते सावलीला गेले. सर माझ्याजवळ आले, अगदी हळू आवाजात आणि अतिशय आदरानं त्यांनी विचारलं, "पावणं, कुठलं गाव तुमचं?"

मी सांगितलं, जयसिंगपूर. ते म्हणाले, "गाडी हाय आता. जावा."

पुढे बरेच दिवस मी गेले नाही. जाऊन करायचं काय? त्या दिवसांत मी सरांना मनातल्या मनात जे जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तिकडे मामांनी कट्ट्यावर गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली होती आणि सर पेला पुढे करायचे तेव्हा गिऱ्हाइकं विचारायची, सर, आज म्हशीला काय घातलंय? हे मला नंतर चहावाल्याकडून कळलं. सत्कार बंद झाले असते तर सरांनी ते सोसलं असतं, कट्टा त्यांना सोडवत नव्हता.

एक दिवस त्यांचा फोन आला, या म्हणून. गेले तर टाकीत काळ्या पट्ट्या. कार्बनच्या. शिरोलीतल्या कुणा फौंड्रीवाल्याकडून आणलेल्या. सर नव्या मुलांना समजावत होते, "अॅल्युमिनियम? आणि जनावराच्या पोटात? कोण शाणा घालंल? मी पयल्यापासनं सांगतोय, कार्बन लावा." माझ्याकडे वळून म्हणाले, "व्हय का न्हाय बाळ?" उत्तरासाठी ते थांबले नाहीत. त्यांनी प्रबंध मागून घेतला, जिना उतरून तो स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि पाचवं प्रकरण न उघडताच सही केली.

त्यानंतर तोंडी परीक्षेचा दिवस आला. सभागृह भरलं होतं, मागच्या बाकावर अम्मी बसली होती. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, मोजकं बोलणारे होते. त्यांनी सगळ्यात जास्त प्रश्न पाचव्या प्रकरणावर विचारले आणि मी सगळ्यांची उत्तरं दिली. ते समाधानी दिसले. शिफारशीच्या अहवालावर त्यांनी आपली सही केली, तो सरांपुढे सरकवला आणि सहज म्हणून मला विचारलं, "हे प्रकरण गाईडच्याच पद्धतीच्या विरोधात जातं. तुमचे मतभेद नाही झाले?"

खरं सांगावं तर सर तिथं बसलेले, खोटं बोलावं तर कशासाठी एवढं सोसलं. तेवढ्यात सरच उठले.

"मतभेद?" ते म्हणाले, माइकची गरज नसलेल्या आवाजात. "ह्या पोरीची सही म्या वरीसभर अडवून धरलीती. पाचवं काढ म्हणून."

परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं.

"मुद्दाम," सर म्हणाले. "बघत हुतो, वाकती का. धातू वाकतोय, ही न्हाय वाकली. आता असा विद्यार्थी काय आपोआप हुतो व्हय? घडवाय लागतोय. तेला गाईड लागतोय."

बोलताना त्यांचा आवाज भरून आला. त्यांना ते सगळं खरं वाटत होतं, तेवढ्यापुरतं का होईना. माझ्या अंगाची लाही लाही झाली. एसटीतल्या त्या सगळ्या फेऱ्या, तो च्या, ते पावणं, मैदानावरची ती दुपार, सगळं त्यांनी माझ्या डोळ्यादेखत स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. माझ्याजवळ उत्तर होतं, तोंडात अगदी तयार होतं. मागे अम्मी अर्धवट उठून माझ्याकडे बघत होती. टेबलावर अहवाल पडला होता, परीक्षकांच्या सहीशेजारची गाईडच्या सहीची जागा रिकामी होती आणि टोपण काढलेलं पेन सरांच्या हातात होतं. लोकांना काय करावं ते कळत नव्हतं, ते एकमेकांकडे बघत होते. पहिली टाळी मी वाजवली.